डबऱ्यातलं पहिलं पाऊल

आमच्या पिपरबोडीच्या तलावाले तुडूम आहे. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातून पाणी सोडायचं भोक. त्याच्याखाली पाणी पडून पडून एक डबरा झाला, वाटीसारखा खोल, भवताल उंच पाळ. तलावातली मासोळी माणसांच्या जाळ्याची, सोसायटीची. डबऱ्यातली मासोळी बायांची. हे कोणी कुठी लिहून नाई ठेवलं, पण आमच्या धीवर मोहल्ल्यात ते मोडायची कोणाची टाप नाई. आणि डबऱ्यात कवा उतरायचं हे सांगायचा मान माह्या घराचा. मी हात वर केला का उतरायचं. पहिलं पाऊल माह्या घरच्या सुनेचं, मग बाकीच्या बाया. माह्या सासूनं हात वर केला तवा मी उतरत होती. मी हात वर केला तवा नीलिमा.

हे आधीच सांगते, कारण चौकशीले आलेल्या मॅडमले हे मोहल्ल्यातल्या कोणीच सांगितलं नाई, मीही नाई.

नीलिमा माह्या गोपालची बायको. माहेर एटापल्लीचं. बाप तिथल्या बाजारात मासोळी विकायचा, तो गेला, आता आई एकटीच असते. पोरगी बारावी शिकलेली, बोलणं कमी, कामाले चांगली. हे चांगली म्हणणं मी कवा तिच्या तोंडावर केलं नाई. सुनेले तोंडावर चांगलं म्हटलं का ती शेफारते, असं मले वाटे.

तर आमच्या शिवारातून नळी टाकणं सुरू झालं. एका कारखान्याच्या धुराड्यातला गॅस पकडायचा, दाबून नळीत भरायचा आणि दूर नेऊन जमिनीच्या पोटात पुरायचा, अशी ती योजना. कंपनीचा साहेब मोहल्ल्यात आला तवा मी त्याले म्हटलं, "धूर वर जाते तो आम्हाले दिसते तरी. खाली पुरला तर दिसणार कसा?"

साहेब हसला. "दिसणारच नाही, आई. तेच तर चांगलं आहे."

"माह्या मालकाची दारूही दिसत नव्हती," मी म्हटलं. "पोटात गेल्यावर दिसे."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. साहेबही हसला. त्याचं 'आई' म्हणणं मले गोड लागलं, खोटं कायले बोलू. मी काही नळीच्या विरोधात नव्हती आणि बाजूनंही नव्हती. मले फक्त माहा शब्द चाललेला पायजे होता.

मग एक दिवस त्यांची गाडी आली आणि शाळेच्या मैदानात त्यांनी एक भोंगा वाजवून दाखवला. नळी फुटली तर हा भोंगा वाजन, तवा खोलगट जागेत थांबायचं नाई, नाल्यात उतरायचं नाई, पाळीवर चढायचं, असं सांगितलं म्हणे. म्हणे, कारण मी गेली नाई. मी कमळाच्या ओट्यावर बसून जाळ्याचे छेद शिवत होती. कमळा आमच्या शेजारची, माह्याच वयाची. नीलिमा मात्र गेली होती. ती वापस आली तवा मी म्हटलं, "का वं, भरली का भोंग्याची शाळा? पास झाली का नापास?"

आमच्या इथी भोंग्याचं नवल ते काय. खाणीत सुरुंग लावायच्या आधी भोंगा. पाळी बदलली का भोंगा. वारा घुग्घुसकडून आला तर तिकडचा भोंगा, माजरीकडून आला तर तिकडचा. भोंगा वाजला का आमच्या इथली कोंबडीसुद्धा मान वर करत नाई.

उन्हाळा अर्धा झाला होता. तलाव आटून मधात गेला होता, पण डबऱ्यात पाणी होतं. सकाळी भाकरी टाकून झाल्या आणि कमळा पळत आली.

"बाई, चला! डबऱ्यात मासोळी वर आली! मरळ अशी तोंड वासून तरंगते, हातानं धरा!"

"सपनात पाह्यली का?"

"तुमच्या गळ्याची आण. चला ना!"

आम्ही टोपल्या घेऊन निघालो. पाळीवरून पाह्यलं तर खरंच. मरळ, शिंगाडा, वाघूर, सारी मासोळी पाण्याच्या वर तोंडं काढून आ करत होती. चिखलातून बुडबुडे येत होते. पाण्यावर पांढरं धुकं बसलं होतं. उन्हाळ्यातलं धुकं. सारी जिंदगी पाण्यावर काढलेली बाई मी, माह्या ध्यानात यायले पायजे होतं का उन्हाळ्यात दिवस वर आल्यावर डबऱ्यात धुकं नसते, आणि मरळ कवा उगाच तोंड वासत नाई. पण मासोळी दिसली का आम्हाले दुसरं काही दिसत नाई. मी म्हटलं, देवी पावली.

तेवढ्यात भोंगा सुरू झाला.

नीलिमा माह्या बाजूले आली. चारचौघीत सासूच्या शब्दावर बोललं असं नको म्हणून अगदी हळू म्हणाली, "आई, हा खाणीचा नोहे. खाणीचा एकसूर असते. हा वर-खाली होऊन राह्यला. शाळेत ऐकवला तो हाच. खाली उतरू नका म्हणत होते."

मागं बाया टोपल्या कमरेले लावून उभ्या. साऱ्या माह्या हाताकडं पाहून राह्यल्या. मले वाटलं, आता हात खाली ठेवला तर साऱ्या मोहल्ल्यात गोठ होईन का गुणाबाईले सून हाकते.

मीही दात खाऊन हळूच बोलली. "मोठी आली मास्तरीण. भेव लागते तर टोपली कमळाच्या सुनेले दे. पुढच्या वेळी हातही तिच्याच सासूनं वर करावा. मान जाऊ दे आपल्या घराचा, तुह्या बापाच्या घरून थोडीच आणला होता."

बापाचं नाव काढायची गरज नव्हती. बाप मरून वर्षही झालं नव्हतं.

नीलिमानं माह्याकडं पाह्यलं. लुगडं खोचलं. मी हात वर केला.

ती उतरली. गुडघ्याएवढ्या पाण्यात गेली, टोपली घेऊन वाकली, एक मरळ टोपलीत घेतलीही. मग ती बसली. पडली नाई, ओरडली नाई, थकलेलं माणूस ओट्यावर बसते तशी पाण्यात बसली. आणि मी, पाळीवरून, साऱ्यांच्या देखत ओरडली, "उठ वं! नाटकं नको करू!"

ती उठली नाई. आडवी झाली.

कमळाची सून रीता तिले धराले दोन पावलं खाली गेली आणि झिंगल्यासारखी वापस फिरली, गळा धरून. मग कोणाची हिंमत होईना. साऱ्या बाया किंचाळू लागल्या. गोपाल गावाकडून मोटरसायकलवर येऊन राह्यला होता. पाळीच्या उतारावर त्याची गाडी आपोआप बंद पडली. त्यानं ती तिथंच टाकली, पळत आला, आणि डोहात बुडी मारताना श्वास कोंडतात तसा कोंडून उतरला. तिच्या केसाले धरून वर ओढत आणलं. वर पाळीवर वारा होता. तिचे ओठ जांभळे झाले होते. मी तिचं तोंड पुसत होती आणि तिच्या टोपलीतली मरळ माह्या पायाजवळ आ करून राह्यली होती.

गावातल्या एकाच्या गाडीत टाकून दवाखान्यात नेलं. वाचली.

गाडीतच गोपालनं मले विचारलं, "भोंगा वाजत होता आई, ती उतरलीच काऊन?" आणि मी पोटच्या पोराले म्हटलं, "हट्टानं उतरली." कसं निघालं तोंडातून, आजही कळत नाई. तोंडाले सवय होती, दुसऱ्याकडं बोट दाखवायची.

मागून कळलं का त्या दिवशी टाकून झालेल्या नळीची गॅस सोडून चाचणी होती. डबऱ्याच्या अंगानं जमिनीतून गेलेल्या नळीचा एक जोड सुटला आणि दाबलेला थंडगार गॅस चिखलातून वर आला, ते धुकं त्याचंच. तो हवेपेक्षा जड, म्हणून डबऱ्यातच भरून बसला. त्याले वास नाई, त्याचा धूर डोळ्याले लागत नाई. माणूस हवा घेते आणि त्या हवेत हवाच नसते.

नीलिमा घरी आली, पण सारी आली नाई. डोकं दुखे. हात थरथरे. विळीवर कांदा कापता येईना. आणि कवाकवा शब्द हरवे. पातेल्याकडं पाहे आणि त्याले काय म्हणतात ते आठवेना. गोपाल तिच्यावर चिडे, "चार मासोळ्यांसाठी जीव द्यायले गेली होती!" ती ऐकून घे. मी तिथंच चुलीपाशी बसलेली असे. मीही ऐकून घे.

मग चौकशी आली. ग्रामपंचायतीसमोर मांडव टाकला. जिल्ह्यातून मॅडम आल्या, कंपनीचा साहेब आला, सरपंच केवळराम नवा सदरा घालून बसला. सारा गाव जमला. पुढं नळी टाकू द्यायची का काम थांबवायचं, हे त्या दिवशी जे बाहेर येईन त्याच्यावर होतं.

साहेब चांगला बोलला. जोड सुटला हे कबूल, पण आम्ही नियमाप्रमाणं भोंगा वाजवला, गावाले आधी शिकवलं होतं, सूचना असून कोणी मासोळीच्या लालचेनं उतरलं तर त्याले कोण काय करणार. मॅडमनं नीलिमाले विचारलं, "तुम्ही भोंगा ऐकला होता का?"

नीलिमा खुर्चीवर बसली होती. तिनं माह्याकडं पाह्यलं नाई. "ऐकला. मले वाटलं खाणीचाच आहे. माह्या मनानंच उतरली मी."

मांडवात कुजबुज झाली. साहेबानं मान डोलावली, जसं काही त्याचं पोरगं परीक्षेत बरोबर बोललं. मागून कोणी तरी म्हटलं, "धीवराची जात, मासोळी पाह्यली का सुटत नाई."

मी उठली. खरं सांगते, उठली तवा सारं सांगायचंच होतं. पण उभी राह्यली आणि एवढी माणसं माह्याकडं पाहून राह्यली, आणि माहं तोंड आपल्या सवयीनं सुरू झालं.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही भोंगा वाजवला, बरं केलं. पण इथी भोंगे किती वाजतात ते तुमच्या कागदात आहे का? कोणता भोंगा सुरुंगाचा, कोणता पाळीचा, कोणता मरणाचा, हे कोणाले समजते? तुम्ही एक दिवस गाडी आणली, भोंगा ऐकवला, चाय पिऊन गेले. त्या दिवशी जे शेतात होते त्यांनी कायले मरायचं? माह्या घरच्या लेकराले समजलं नाई. कोणालेच समजलं नाई. आम्ही अडाणी म्हणून नोहे. तुम्ही आमच्या कानात इतके भोंगे भरले का आता आमचा कानच मेला."

आणि तेवढ्यात, देवाशपथ, खाणीचा सुरुंगाचा भोंगा वाजला. मांडवात एकानंही मान वर नाई केली. एकट्या मॅडमनं केली. मग त्यांनी आमच्या साऱ्यांकडं पाह्यलं, आणि साहेबाकडं पाह्यलं. साहेब पाणी प्याला.

काम थांबलं. गावापासून नळी किती दूर पायजे, सूचना कशी द्यायची, खोलगट जागेचं काय, हे सारं तपासल्याशिवाय एक पाइप पुढं सरकणार नाई, असा हुकूम आला. पोट्ट्यांनी डफ वाजवला. केवळरामनं मले हार घातला. कोणी तरी माह्या बोलण्याचं मोबाइलवर काढलं होतं, ते गावोगाव गेलं. जिथून जिथून नळी जाणार होती तिथली माणसं घरी येऊ लागली. "भोंगेवाली आजी इथंच राह्यते का?" म्हणून विचारत. मी चाय करून देई. ते पाया पडत. मी पाय मागं घेई, तर म्हणत, पाहा किती साधी आहे.

मी जे बोलली त्यातलं सारं खरं होतं, एक सोडून. माह्या घरच्या लेकराले समजलं होतं.

एक दिवस चुलीपाशी दोघीच होतो. मी म्हटलं, "नीलिमा, मी जाऊन मॅडमले सांगून टाकू का?"

"काय सांगता?"

"का तुले समजला होता भोंगा."

तिनं भाजीत पळी फिरवली. "मग साहेब म्हणन, पाहा, शिकवलं ते समजलं होतं, सासूनंच ऐकलं नाई. अन् नळी उद्याच सुरू होईन. रीताचं लेकरू त्या पाळीवर खेळते. चूप राहा, आई." मग तिनं हात पुढं केला. "ते द्या... ते पांढरं..."

"मीठ?"

"हाव. मीठ."

मी मीठ दिलं. ती माह्याहून किती शहाणी आहे हे मले तवा कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता. चूप राहणं ही सजा असते हे मले ठाऊक नव्हतं. मी जिंदगीत कवा चूप राह्यलीच नव्हती.

पंधरवड्यानं माही ईनबाई आली, देवकाबाई, नीलिमाची आई. एटापल्लीहून बस बदलत बदलत, कपड्यात बांधलेली मोहाची सुकी फुलं आणि सुकवलेले झिंगे घेऊन. लग्नापासून आमची रीत अशी का मी खाटेवर बसायची आणि ती खाली चटईवर. मी कवा तिले वर बस म्हटलं नव्हतं. पोराची आई मी.

ती आली, पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, आणि तिले बोलाले लागली. "अवं, तुले अक्कल आहे का नाई? मासोळी का तू पाह्यली नव्हती कवा? तुह्या सासूकडं पाहा, आमच्या इथल्या बायाही त्यांचं बोलणं मोबाइलवर पाहून राह्यल्या. त्यांनी एवढी नळी थांबवली, अन् तू त्यांच्या घराले बट्टा लावला."

नीलिमा लसूण सोलत होती. हात थरथरत होता, पाकळी सुटत नव्हती. गोपाल दाराशी उभा होता.

मग देवकाबाई माह्याकडं सरकली आणि माह्या पायावर डोकं ठेवलं. "माफ करा, ईनबाई. पोरीले समजत नाई."

परगावची माणसं पाया पडत तवा मी पाय मागं घेई. हिच्यापुढं मले पाय हलवता येईना. तिचे केस पांढरे झाले होते, धड तेलही नव्हतं. मी खाटेवरून उतरली. चटईवर तिच्यासमोर बसली.

"ईनबाई," मी म्हटलं, "तिले समजला होता भोंगा. तिनं मले सांगितलं होतं, उतरू नका. मीच उतरवली. तिच्या बापाचं नाव काढून उतरवली."

"आई!" नीलिमा म्हणाली. तिले राग आला होता, माह्यावर. "काऊन सांगितलं?"

गोपाल आत आला. "मले तं तू म्हटलं हट्टानं उतरली."

"खोटं म्हटलं."

तो माह्याकडं पाहत राह्यला. मग त्यानं बायकोकडं पाह्यलं. इतके दिवस तिले काय काय बोलला ते सारं त्याच्या तोंडावर येऊन गेलं.

मी वाट पाहून राह्यली होती का देवकाबाई आता शिव्या देईन. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीले उत्तर देता येते. ती बराच वेळ चटईची काडी मोडत बसली. मग विचारलं, "ती पाण्यात पडली तवा तुम्ही काय केलं?"

हे मॅडमनं विचारलं नव्हतं. गावात कोणीच विचारलं नव्हतं.

"मी म्हटलं..." मले पाणी प्यावंसं वाटलं, पण उठायची लाज वाटली. "मी म्हटलं, उठ वं, नाटकं नको करू."

देवकाबाईनं मान हलवली, जसं काही तिले इतकंच पायजे होतं. ती उठली, दांडीवरचे पोरीचे कपडे काढले आणि घडी कराले लागली. नीलिमा म्हणाली, "आई, तू हे बाहेर कुठी बोलू नको. नळी..."

"मी नाई बोलत कोणाले," देवकाबाई म्हणाली. "नळी थांबलीच पायजे. रीताचं लेकरू काय अन् आपलं काय. पण तुले मी नेते."

नीलिमानं नाई म्हटलं नाई. मी वाट पाह्यली, ती म्हणाली नाई.

गोपाल त्यांची पिशवी घेऊन फाट्यावर गेला. मीही मागं मागं गेली. रस्त्याच्या कडेले ते मोठे पाइप पडले होते, धुळीनं पांढरे झालेले, एकाच्या पोटात बकऱ्या सावलीले बसलेल्या. पारावरच्या माणसांनी मले रामराम घातला. एक जण म्हणाला, "बाई, तुमच्यामुळं!" मी मान वर केली नाई.

बस आली. नीलिमा चढताना थांबली, वाकून पाया पडाले लागली, तर तिले भोवळ आली. आईनं तिले दंडाले धरून वर घेतलं. गोपालनं पिशवी चढवली आणि तोही बसमध्ये चढला. "पोचवून येतो," म्हणाला. येतो म्हणाला, कवा ते नाई म्हणाला.

कवा धाडता, हे विचारायची रीत आहे, पण ते पोराच्या आईनं नाई विचारायचं. पोरीची आई विचारते, आमच्या पोरीले माहेरी कवा धाडता, अन् पोराची आई ठरवते. माह्या दारात देवकाबाईनं किती वेळा विचारलं असन, अन् मी दरवेळी म्हटलं असन, पाहू. आज मी खिडकीशी गेली, खिडकी उंच होती, मान वर करावी लागली, आणि विचारलं, "ईनबाई, कवा धाडता?"

देवकाबाई आपल्या पोरीले पाणी पाजत होती. तिनं बाटलीचं झाकण लावलं. "तिले विचारा," म्हणाली.

नीलिमा खिडकीबाहेर पाहत होती. माह्याकडं नाई, पाइपातल्या बकऱ्यांकडं. तिचे ओठ हलले, जशी एखादा शब्द शोधून राह्यली. मी थांबली. तो सापडला नाई, का सापडला आणि तिनं तो बोलायचा नाई असं ठरवलं, हे मले कळलं नाई. कंडक्टरनं घंटी मारली.